वर्ष कुठून धरायचं

मंडळी, आधी मला एक सांगा. बाजारात एका रांगेत तीन दुकानं आहेत. एकावर पाटी ‘जुने दुकान’, दुसऱ्यावर ‘हेच जुने दुकान’, तिसऱ्यावर ‘खरे जुने दुकान, शाखा नाही’. भरवसा कोणावर ठेवाल? माल तिन्हीकडे चांगला असेलही, पण गिऱ्हाईक पायरीवरच घुटमळतं.

माझ्या पोटातही अशीच रांग होती: ‘अंदाज शेवटचा’, ‘अंदाज शेवटचा खरा’, ‘अंदाज हाच घ्या’. मी एक फोल्डर आहे. लातूरच्या मार्केट यार्डात गुरुपादप्पांची अडत आहे, तिथल्या गादीमागच्या संगणकात राहतो. तोंड वर करून बोलायची सोय राहिली नाही, पण बोलतो.

मला जन्म दिला अप्पांच्या लेकीनं, सृष्टीनं. नांदेडच्या कॉलेजात ती आकड्यांचं शास्त्र शिकली आणि सुट्टीत दुकानात बसून माझ्यात एकेक गोष्ट भरू लागली. अडतीत दर साली किती सोयाबीन आलं, त्या साली पाऊस कसा पडला, आणि दोन्ही जुळवून यंदा पीक किती येईल याचा अंदाज. बाहेर सौद्याचा गलका चालायचा, आत ती बोटं चालवायची.

अप्पा चहा पिता पिता टोमणा मारायचे, “पाऊस आता तुझ्या डब्याला विचारून पडणार का गं?”

“पडून गेल्यावर विचारते अप्पा. पडायच्या आधी तुमच्या पंचांगाला विचारा.”

मला तेव्हा फार मिजास होती. एवढ्या मोठ्या दुकानाचा पसारा माझ्या पोटात. पण एक पाहा. पोत्यावर शेतकऱ्याचं नाव टाकल्याशिवाय अप्पा हमालाला पोतं उचलू देत नाहीत. घरी सृष्टीच्या आई, अव्वा, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी लावतात, लिंबाचं की कैरीचं. त्याच घरच्या मुलीनं माझ्यातल्या एकाही रकान्यावर चिठ्ठी लावली नाही. पाऊस कुठल्या गावचा, ‘वर्ष’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, कुठं म्हणून लिहिलं नाही. तिच्या डोक्यात सगळं होतं. डोकं तिच्याबरोबर हैदराबादेला नोकरीला गेलं, आणि मी, दुकानातला दुकानात, इंटरनेटवरून नांदेडच्या आनंदराजकडेही पोचलो.

आनंदराज तिच्या वर्गातला, हदगावकडचा सरळ मुलगा. त्यानं फोनवर विचारलं, “काही सांगायचं हाय का यातलं?”

“सोपं आहे रे. उघडलंस की कळेल.”

त्यानं उघडलं. तीन ‘शेवटचे’ बघून डोकं खाजवलं, आणि त्यातल्या त्यात जो नवा वाटला तो धरून काम सुरू केलं.

त्याला काम दिलं होतं रेणापूरच्या धोंडाबाईंनी. त्यांच्याकडे बायकांची शेतकरी कंपनी आहे. घरचंच सोयाबीन निवडून, वाळवून बियाण्याला ठेवतात आणि पेरणीला एकमेकींत वाटतात. यंदा माल किती येईल, गोदाम केवढं धरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. माझा आधार घेऊन आनंदराजनं सांगितलं, “माल बेताचा येईल, मावशी. लहान गोदाम पुरंल.”

त्यांनी लहान धरलं. आणि माल आला भरभरून. गोदाम भरलं, उरलेली थप्पी अंगणात ताडपत्रीखाली राहिली. पुढं परतीच्या पावसाची एक सर आली, ताडपत्रीखाली पाणी शिरलं, दाणा काळा पडला. काळा दाणा तेलाला जातो, पेरायला नाही. कितीतरी घरांचं बियाणं त्या थप्पीत होतं.

दिवाळीला सृष्टी घरी आली, तेव्हा धोंडाबाई आनंदराजला घेऊन थेट दुकानात आल्या. ओच्यातून मूठभर काळं सोयाबीन काढून त्यांनी माझ्या शेजारी, टेबलावर ठेवलं.

“हे बगा अप्पा. ह्या नांदेडच्या पोराचं गणित.”

आनंदराज खाली मान घालून उभा. सृष्टीनं मला उघडलं. भर दुकानात माझ्या पोटातली ती अडगळ पडद्यावर आली आणि मला वाटलं, आत्ता वीज जावी.

अप्पा चष्मा लावून वाकले. “पोरा, हे वर्ष कुठून धरलंस?”

“जानेवारीपासून. दुसरं कुठून धरणार?”

अप्पा हसले. “अडतीत जानेवारीला कोण विचारतंय? आमचं वर्ष पाडव्याला लागतं, दिवाळीच्या.”

आणि हसता हसता थांबले. सोयाबीन येतं दिवाळीच्या आगंमागं. अडतीच्या वहीत एकाच सुगीचा माल अर्धा जुन्या वर्षात, अर्धा नव्यात पडलेला. आनंदराजनं तो जानेवारीच्या हिशोबानं पावसाशी जोडला होता. चांगल्या पावसाचं अर्धं पीक शेजारच्या कोरड्या सालाच्या पदरात गेलं होतं. मग चांगल्या पावसाला माल बेताचाच दिसणार, दुसरं काय?

  सृष्टी गप्प राहिली असती तर आनंदराजच्या नावावर खपूनही गेलं असतं.

“मावशी, यात त्याचा दोष नाही,” ती म्हणाली. “वर्ष कुठून, ते मी लिहिलंच नाही.”

“का गं माय? लिव्हायला काय झालतं?”

“घरात सगळ्यांना माहीतच असतं ना. लिहायचं सुचलंच नाही.”

धोंडाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “आमी न्हाई ना तुझ्या घरचे.”



मग सृष्टी आणि आनंदराज दोघं जोडीनं बसली. मूळ आकडे वेगळ्या कप्प्यात, त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येक रकान्याला चिठ्ठी. सगळ्यांत वर एक पान, ‘आधी हे वाचा’, आणि त्याची पहिली ओळ: वर्ष दिवाळी पाडव्यापासून. तीनपैकी दोन ‘शेवटचे’ गेले. आनंदराज यंदाचा चुकलेला अंदाजही पुसायला निघाला, तेव्हा धोंडाबाईंनी हात आडवा घातला.

“ऱ्हाऊ दे. त्याच्यावर लिव्ह, हा चुकला, आन् कशानं चुकला. पुढच्याला कळंल.”

“पुढच्या साली अंदाज घ्याल ना, मावशी?” सृष्टीनं भीत भीत विचारलं.

“घीन की. पण गोदाम मोठंच धरीन.”

आज मी नीटनेटका आहे, नवखा माणूसही मला वाचू शकतो. पण कोणी उघडलं की तो चुकलेला अंदाज नावानिशी समोर येतो, आणि रेणापूरच्या त्या अंगणाची आठवण होऊन मी अजून ओशाळतो. पुसला असता तर सुखानं राहिलो असतो. पण मग माझ्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवला असता कोणी?

तेव्हा मंडळी, हात जोडून एवढंच मागतो. हिशोब धान्याचा असो की आकड्यांचा, जो तुमच्या घरचा नाही त्यालाही कळेल असा ठेवा. आणि जे चुकलं तेही त्यात मांडा.