थांबा म्हणजे थांबा

गुरुनाथला ओरडायची मनाई होती. मनाई त्याच्या बायकोने, म्हणजे नीलांबरीने घातली होती आणि पोरिरुआच्या घरून निघताना सीटबेल्ट लावता लावता तिने ती पुन्हा एकदा ऐकवली.

"तीन दिवस. कॅरॅव्हॅन लावताना तुमचा आवाज एकदा जरी चढला, तर सोमवारी संध्याकाळी ती सुरेशच्या दारात. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही चढला तर?"

"तर घ्या विकत."

नीलांबरी फार्मसिस्ट. तिचं बोलणंही औषधाच्या बाटलीवर चिकटवण्याइतपतच असायचं. किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर. त्यापुढे एक शब्द मागितला तरी मिळायचा नाही.

अट उगाच पडली नव्हती. गुरुनाथच्या ऑफिसातला सुरेश ऑस्ट्रेलियाला चालला होता आणि त्याला आपली दोन माणसांपुरती छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकायची होती. घेण्याआधी महिनाभर वापरून बघा, म्हणाला. गुरुनाथच्या डबल कॅब युटला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, ती ओढणं काहीच जड नव्हतं. पुढे जाताना कॅरॅव्हॅन गुणी पोरीसारखी मागून यायची. मागे घ्यायची म्हटलं, की तिच्या अंगात यायचं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाणार आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे, हे गुरुनाथला तोंडपाठ होतं. इंजिनिअर माणूस, कागदावर आकृती काढून त्याने नीलांबरीलाही ते समजावून दिलं होतं. हातांना मात्र कुणी समजावलं नव्हतं.

रविवारी सकाळी एका दुकानाच्या रिकाम्या कार पार्कमध्ये दोघं सराव करायची. ती मागे उभी राहून सांगायची, हा खिडकीतून डोकं काढून ओरडायचा. "अगं, डावीकडे म्हणजे कुणाच्या? माझ्या की तुझ्या?" तिसऱ्या रविवारी सिक्युरिटीवाला चालत आला आणि गुरुनाथकडे पाठ करून नीलांबरीला हळूच म्हणाला, "यू ओके, मॅम?" नीलांबरी "ही इज ओन्ली पार्किंग" म्हणून हसली खरी, पण घर येईपर्यंत ती काही बोलली नाही. अट त्या दिवसाची.

आता ओरडायचं नाही हे तसं माणसाला जमण्यासारखं आहे. आणि गुरुनाथला कॅरॅव्हॅन फार म्हणजे फार हवी होती. वीस वर्षं तो या देशात राहिला, आणि देश पाहिला तो पाहुण्यांना दाखवताना. पुण्याहून कुणी आलं की तेच गरम पाण्याचे झरे, तोच धबधबा, तोच मनोरा, आणि गाडीत सासूबाईंच्या मावसबहिणीचा डबा. आता दोन वर्षांत रिटायर व्हायचं, मनाला येईल तिथे गाडी थांबवायची, दारात बसून चहा प्यायचा आणि समोर जे असेल ते कुणालाही समजावून न सांगता नुसतं बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यासाठी तो जीभ चावायला तयार होता.

मुलीने, अस्मिताने, त्यावर तोडगा म्हणून दोन वॉकीटॉकी आणून दिले होते. "हीप्स ऑफ कपल्स यूज देम, बाबा. यू डोन्ट हॅव टू येल." डब्यातून काढले तसे ते चॅनल एकवर होते. तसेच राहिले.

सोमवारची सुट्टी जोडून आलेल्या लेबर वीकेंडच्या शनिवारी दुपारी युट आणि कॅरॅव्हॅन टाउपोच्या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर पोचली. जागा झकास मिळाली. समोर तळं, बाजूला विजेचा खांब, मागे थोड्या अंतरावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. शेजारच्या तंबूतला एक म्हातारा रबरी जँडल्स घालून खुर्चीत बसला होता. कॅरॅव्हॅन मागे येताना दिसताच त्याने खुर्ची नीट त्यांच्याकडे वळवून घेतली.

नीलांबरी एक वॉकीटॉकी घेऊन उतरली. "वायर खांबापर्यंत पुरते का बघते. मी सांगेपर्यंत हलू नका."

गुरुनाथ हलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून लग्नाच्या बोहल्यावर बसल्यासारखा बसून राहिला. मग मांडीवरचा वॉकीटॉकी रेडिओ खरखरला.

"अहो, या हं आता मागे. हळूऽऽहळू."

आवाज जरा वेगळा वाटला. पण त्या स्वस्त रेडिओतून नीलांबरीचा आवाज आजवर नीलांबरीचा वाटलाच नव्हता. आणि टाउपोच्या तळ्याकाठी त्याला 'अहो' म्हणणारी दुसरी कोण असणार? आरशात पाहावं, तर कॅरॅव्हॅनची पांढरी भिंत सोडून काही दिसत नव्हतं. त्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

"थोडं डावीकडे घ्या... हं, शाब्बास! काय छान येताय!"

गुरुनाथचा पाय ब्रेकवरून घसरता घसरता राहिला. शाब्बास? एकतीस वर्षांच्या संसारात त्याला घरातून शाब्बास मिळालेली नव्हती. बँकेचं कर्ज फिटलं त्या दिवशीही नीलांबरी "बरं झालं" एवढंच म्हणाली होती. म्हणजे त्याने न ओरडण्याचं ठरवलं, तसं तिनेही मनाशी काहीतरी ठरवलं होतं तर! त्याला भरून आलं. त्याने रेडिओचं बटण दाबलं.

"अगं, किती गोड बोलतेस आज! अशी बोलत राहिलीस ना, तर साउथ आयलंडपर्यंत रिव्हर्समध्ये नेईन तुला."

पलीकडून खुदकन हसू आलं. मग, "इश्श! काहीतरीच तुमचं. या, या, मागे या. खूप जागा आहे."

अहो आणि अगं. आपल्या लोकांनी नवराबायकोंसाठी असे दोन शब्द काढून ठेवले आहेत की कोण कुणाला बोलतंय याचा बाहेर कुणाला पत्ता लागू नये. घरात ठीक आहे. चॅनल एकवर हे फार महागात पडतं.

गुरुनाथ मोठ्या खुशीत मागे येत असताना रेडिओवर एकच शब्द आला. "थांबा!"

कोरडा, तुटक. हा आवाज मात्र त्याने लगेच ओळखला. गोड बोलता बोलता हिला एकदम काय झालं, असंही त्याच्या मनात आलं. पण नीलांबरीचा 'थांबा' हा त्याच्या लेखी हुकूम नव्हता, तिचं मत होतं. ती थांबा म्हणाली की अजून वीतभर मागे जायचं आणि मग आपल्या अकलेने थांबायचं, हा त्याचा जुना शिरस्ता. तसा तो वीतभर गेला.

मागे कडाड् वाजलं. दोरीचा एक खांब वाकला आणि ओले टॉवेल, एक गुलाबी टोपी आणि कुणाचे तरी भलेमोठे पोहायचे टॉग्ज कॅरॅव्हॅनच्या छपरावर येऊन बसले.

गुरुनाथ उतरला. नीलांबरी विजेच्या खांबापाशी एका हातात वायर आणि दुसऱ्यात नुकताच चालू केलेला रेडिओ घेऊन उभी होती. 'तूच या या म्हणालीस ना!' हे वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं. अट आठवली. ते गिळून तो इतक्या हळू बोलला की त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"तूच म्हणालीस ना, छान येताय म्हणून?"

"मी?" नीलांबरी म्हणाली. "मी आयुष्यात तुम्हाला छान येताय म्हटलंय?"

ते खरं होतं.

एवढ्यात रस्त्यापलीकडून चड्डी आणि टोपीतला एक गृहस्थ जवळजवळ पळतच आला. त्याच्यामागून हातात तसलाच रेडिओ घेतलेली एक बाई. "नमस्कार! मी चारुदत्त, ही मुग्धा. आम्ही ऑकलंडचे, हिल्सबरोला असतो. रेडिओवर थांबा कोण म्हणालं?"

नीलांबरीने वर्गात चूक कबूल करावी तसा हात वर केला.

"वहिनी, वाचवलंत! आम्हीही पलीकडे कॅरॅव्हॅन मागे घेत होतो. मागे लोखंडी नळ, आणि ही आपली छान छान करतेय. तुमचा थांबा ऐकला आणि जागच्या जागी ब्रेक दाबला. उतरून बघतो तर नळात आणि गाडीत बोटभर अंतर!"

"बालवाडीत शिकवते हो मी," मुग्धा कानकोंडी होऊन म्हणाली. "दिवसभर तेच बोलायची सवय. पोरांना नळ कुठे आहे ते सांगावं लागत नाही." मग ती गुरुनाथकडे वळली. "आणि ते साउथ आयलंडचं तुम्ही म्हणालात का? मला वाटलं हेच बोलतायत. तरी म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला!"

चारुदत्त आकाशाकडे बघू लागला. गुरुनाथचे कान तापले. खुर्चीतल्या म्हाताऱ्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण तोही मनापासून हसत होता, आणि छपरावरचे टॉग्ज त्याचेच होते.

नीलांबरी हसली नाही. ती वायर गुंडाळत म्हणाली, "हे भाऊ मला ओळखतसुद्धा नाहीत. थांबा म्हटलं, थांबले."

तिने आवाज चढवला असता तर गुरुनाथला बरं वाटलं असतं. ती इतक्या साधेपणाने बोलली की त्याला काय करावं ते कळेना. एकतीस वर्षांत आपण हिचं ऐकलंय ते बहुतेक वीतभर उशिराच, हे त्याला त्या वाकलेल्या खांबाशेजारी उभं असताना कळलं आणि फार वाईट वाटलं.

चारुदत्तने आणि त्याने मिळून खांब सरळ केला, टॉग्ज मालकाच्या हवाली केले. चारुदत्तचेही रेडिओ चॅनल एकवरच होते; ते दोनवर टाकून तो गेला. गुरुनाथ पुन्हा गाडीत बसला.

"स्टिअरिंग उजवीकडे, पूर्ण," रेडिओतून आलं. "मागे. थांबा."

अजून हातभर जागा आहे, असं त्याला वाटत होतं. तो थांबला.

"सरळ करा. मागे. आता डावीकडे थोडं. थांबा."

थांबला. आणि असं चार-पाचदा थांबल्यावर कॅरॅव्हॅन तिच्या जागेवरच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर नाकासमोर उभी होती. डावीकडे म्हणजे कुणाच्या, हा प्रश्न या वेळी पडलाच नाही. ती कॅरॅव्हॅनची बाजू सांगतच नव्हती, स्टिअरिंग कुठे फिरवायचं ते सांगत होती. बहुधा पहिल्या रविवारीच तिने तसं सांगितलंही असेल. तेव्हा तो ओरडत होता.

त्याने बटण दाबलं. "अगं."

"काय?"

"तू पहिल्यापासून बरोबर सांगत होतीस. मीच ऐकत नव्हतो."

"ऐकू नाही आलं."

त्याने पुन्हा सांगितलं.

"खरखर आहे. मोठ्याने बोला."

खरखर अजिबात नव्हती. त्याने खिडकीतून मान काढून मागे पाहिलं. नीलांबरी रेडिओ कानापासून लांब धरून उभी होती.

"अगं, पण आवाज..."

"मोठ्याने म्हटलं ना मी."

मग गुरुनाथने खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडला, "नीलांबरी, तू बरोबर होतीस! मीच ऐकत नव्हतो!" तळ्यातली बदकं उडाली. भांडी घासणारी माणसं हात थांबवून बघू लागली. पलीकडे चारुदत्त आपल्या कॅरॅव्हॅनच्या दारात येऊन उभा राहिला.

नीलांबरीने वाकून कॅरॅव्हॅनच्या दोन्ही चाकांखाली ती घसरू नये म्हणून लाकडी उटी लावली आणि बुटाने ठोकून घट्ट केली. मग सरळ होऊन म्हणाली, "सुरेशला फोन लावा."

गुरुनाथ घाईघाईने गाडीतून उतरला. "का? तूच मोठ्याने बोला म्हणालीस..."

"लावा तर. सांगा त्याला, कॅरॅव्हॅन परत येत नाही म्हणून."