माझ्या पोटातली साक्ष

मित्रांनो, मी सतरा इंची पडद्याचा लॅपटॉप. आता म्हातारा झालो आहे. आमची जात मांडीवर घेऊन बसण्याची म्हणून ओळखली जाते, पण मला मांडीवर घेणाऱ्याच्या पायांना पंधरा मिनिटांत मुंग्या येत. चांगले तीन किलो वजन होते माझे. जन्माबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. एका लांबलचक सरकत्या पट्ट्याशी, हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले, स्क्रू आवळले आणि मला खोक्यात घातले. त्यांच्यातल्या एकीलाही मी पुढे काय काय पाहणार याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती.

मला विकत घेतले ते सरांनी. चारचौघांत उभे राहिले की ज्यांची बोबडी वळते, मुलाखतीत ज्यांच्या घशाला कोरड पडते, अशा मोठ्या माणसांना ते बोलायला शिकवत. बरेचसे वर्ग पडद्यावरूनच चालत. त्यांच्या आधीच्या लहान लॅपटॉपवर शिष्यांचे तोंड नखाएवढे दिसे. "ओठ कसे हलतात तेच दिसलं नाही, तर मी शिकवू काय, कपाळ?" असे म्हणून त्यांनी मला आणले.

पहिल्या दिवशी सरांच्या बायकोने मला मऊ फडक्याने पुसले. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा ठरली. माझ्या आसपास कुणी चहाचा कप ठेवला, तर सर खेकसत. सोमवार ते शनिवार काम आणि रविवारी करमणूक, असा माझा नेम होता. रविवारी दुपारी सरांचे तीन-चार मित्र येत. सिनेमे, गाणी, सामने, सगळे माझ्यावर चाले. त्यांच्यातले एक दाढीवाले पहिल्याच रविवारी म्हणाले, "थेटरच आणलंस की घरात!" सरांची मान ताठ झाली. माझीही झाली असती, पण मला फक्त बिजागरी होती.

सर शिकवण्यात पटाईत होते, हे मला कबूल केलेच पाहिजे. ते प्रत्येक वर्ग रेकॉर्ड करून ठेवत. "आपलं बोलणं आपण ऐकलं, की चूक कुठं होते ते कळतं," असे ते शिष्यांना सांगत आणि ते खरेही होते. बिघडले ते एका रविवारी. सिनेमा ऐन रंगात आलेला असताना इंटरनेट बंद पडले. पाहुणे जांभया देऊ लागले. तेव्हा सरांनी, सहज म्हणून, एका शिष्येचे रेकॉर्डिंग लावले. ती बँकेतली बाई भाषणाचा सराव करत होती आणि शेवटी घाबरून म्हणाली, "एवढं बोलून मी तुमची जागा घेते." मित्र खो खो हसले. गंमत निरुपद्रवी वाटत होती. पुढच्या रविवारी आल्या आल्या दाढीवाल्यांनी विचारले, "काय मग, नवीन माल आला का?" त्या दिवशी सरांनी माझ्यात एक फोल्डर उघडले आणि त्याला नाव दिले 'गंमत'.

मामा आले त्यानंतर दोनेक महिन्यांनी. ते पडद्यावर आले नाहीत, स्वतः चालत आले, कारण त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. एका कपड्यांच्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षे कटिंगचे काम करत होते. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून, त्यातून एका रेषेत मशीन फिरवायची त्यांची ख्याती होती. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. हात असा सरळ, पण जीभ लहानपणापासून अडखळणारी. त्यातही 'त' हे अक्षर त्यांचे हाडवैरी.

आपले काम काय आहे ते सांगायला त्यांना पंधरा मिनिटे लागली. प्रेसिंग खात्यात वाफेच्या इस्त्रीचा, जादा वाफ बाहेर सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह गळत होता. दुरुस्तीला मशीन थांबवावे लागले असते, म्हणून सुपरवायझरने तो तारेने करकचून बांधून टाकला. तिसऱ्या दिवशी पाइप फुटला आणि तिथे काम करणाऱ्या मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तार कुणीतरी लगेच काढून टाकली. आता कारखाना म्हणत होता, की बाईंच्याच हलगर्जीपणामुळे अपघात झाला. तार बांधताना पाहणारे एकटे मामा होते.

"मग लिहून द्या की," सर म्हणाले.

"द... दिलं. ते म्हणाले, क... कागद काय, कुणीही लिहून देतो. च... चौकशीत तोंडानं सांगा."

"मावशी तुमच्या कोण लागतात?"

"कोणी नाही." मामांनी मान हलवली. "प... पण मी पाहिलंय."

चौकशी अधिकारी दुसऱ्या शहरात बसत आणि सुनावणी पडद्यावरूनच होणार होती. मॅनेजरच्या डोळ्यांसमोर बसून बोलायची मामांना भीती वाटत होती. सर म्हणाले, "माझ्याकडे बसा. एवढा मोठा पडदा आहे, काय काळजी करता?" हातात सहा आठवडे होते.

मामा दिवसाआड कामावरून सुटले की थेट येत. सर त्यांना माझ्यासमोर बसवत, म्हणजे त्यांना स्वतःचेच तोंड मोठे दिसे. श्वास सोडता सोडता शब्दात शिरायचे, असे सर शिकवत. तिसऱ्या आठवड्यात 'तार बांधली होती' एवढे वाक्य म्हणायला मामांना चाळीस सेकंद लागले. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, ओठ थरथरत असलेले. वाक्य संपल्यावर त्यांनी रुमालाने कपाळ पुसले आणि लाजून हसले. मी ते सगळे इमानेइतबारे टिपून ठेवले. माझे कामच ते.

रविवारी ते चाळीस सेकंद माझ्या सतरा इंचांवर लागले.

"अरे, चाळीस सेकंदांत एक तार!" दाढीवाले सोफ्यावरून घसरायचे बाकी होते. "ह्याला वायरमन म्हणून ठेवलं, तर गाव अंधारात बसेल!"

पुन्हा लाव, पुन्हा लाव, असे करत ते सहा वेळा लागले. सरांची बायको चहा घेऊन आली, तीही तोंडावर हात ठेवून हसली. मग दाढीवाले म्हणाले, "मला पाठव ना."

"नको रे. माणूस गरीब आहे."

"मी काय पेपरात छापणार आहे? माझ्यापुरतं ठेवतो."

"फक्त तुलाच हं," सर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

पाठवायला मला दोन सेकंद लागले. एवढ्या वेगाचे तेव्हा मला भूषण वाटे.

चौथ्या, पाचव्या आठवड्यात मामा सुधारले. खरेच सुधारले. एके दिवशी त्यांनी ते वाक्य एका श्वासात म्हटले, तेव्हा सरांनी त्यांची पाठ थोपटली आणि सरांचे डोळे पाणावले. ते ढोंग नव्हते, मित्रांनो. माणसाचा हाच भाग मला आजवर उमगलेला नाही. ज्याला शिकवताना ते इतके जीव ओतत, त्याचीच चेष्टा त्यांना रविवारी गोड लागे.

सुनावणी सकाळी अकराला होती. मामा स्वतः शिवलेला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. माझ्या पडद्याचे तीन भाग झाले. एकात अधिकारी, एकात मॅनेजर आणि त्यांचा वकील, तिसऱ्यात कारखान्याचा हॉल आणि त्यात बसलेले वीसेक कामगार. सगळ्यांत पुढे मावशी होत्या. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

"सांगा, काय पाहिलंत?" अधिकाऱ्यांनी विचारले.

मामांनी श्वास सोडला. "मी कटिंग खात्यात आहे. त्या दिवशी मी प्रेसिंगकडे कापडाचे गठ्ठे न्यायला गेलो होतो." एकही अडखळ नाही. मावशी पुढे झुकल्या. सरांनी बाजूच्या खुर्चीवरून मूठ आवळून 'शाब्बास' अशी खूण केली. "तिथं सुपरवायझरनी व्हॉल्व्हला..."

आणि हॉलमध्ये कुणाचा तरी फोन वाजला.

"त... त... त... त... तार! त... त... त... त... तार!"

तो आवाज मी ओळखला. माझ्यातूनच गेला होता. कुणीतरी त्याची रिंगटोन केली होती. आधी मागच्या रांगेत कुणी फिसकन हसले, मग सगळा हॉल हसला. ज्यांना हसायचे नव्हते, त्यांचेही खांदे हलत होते. अधिकाऱ्यांनी तोंडापुढे कागद धरला. हसले नाहीत ते फक्त मॅनेजर. फोन चुकून वाजला की कुणी मुद्दाम वाजवला, हे मला आजही माहीत नाही.

"थांबा जरा," मावशी ओरडल्या. "त्यांना बोलू द्या!"

"बाई, मधे बोलायचं नाही," वकील म्हणाले.

मामांनी तोंड उघडले. 'त' जिभेवर आला आणि तिथेच राहिला. दोन मिनिटे तो तिथे होता. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले आणि लेखनिकाला सांगितले, "साक्षीदाराला आणखी काही सांगायचं नाही, अशी नोंद घ्या."

पडदा काळा झाला. मामांनी माझ्याकडे पाहिले. मग, न अडखळता, हळू आवाजात म्हणाले, "सर, असा सराव मी फक्त इथं बसून केला होता."

सर नखे पाहत होते. "मामा, एका मित्राला गंमत म्हणून... त्यानं पुढं पाठवलं असेल. मी मुद्दाम केलं का?"

"प... पुसून टाका."

सरांनी त्यांच्यादेखत फाईल पुसली. "गेलं?" मामांनी विचारले. "गेलं," सर म्हणाले. मामांनी सवयीने हात जोडले आणि ते जिना उतरून गेले. सरांनी पुसली ती वर्गाची फाईल होती. 'गंमत'मधली प्रत जागच्या जागी होती. मला सांगता येत नव्हते.

महिन्याने निकाल लागला. दोष मावशींचा. त्याच कारखान्याच्या ऑफिसात काम करणारी एक मुलगी सरांकडे शिकत होती, तिने वर्गात सहज सांगितले. मावशींना कामावरून काढले होते आणि घरी त्यांना जेवण सून भरवत होती. मामा कामावर होते, पण बोलत नसत. काही सांगायचे झाले, तर खडूने कापडावर लिहीत.

सरांनी तीन रविवार 'गंमत' उघडली नाही. चौथ्या रविवारी उघडली.

मग एका भर दुपारी मामा आले. सर बाहेर गेले होते. सरांच्या बायकोला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. मामांनी नुसते माझ्याकडे बोट दाखवले. तिने मला सुरू केले, रेकॉर्डिंगचे बटण दाबले आणि ती दाराच्या चौकटीत उभी राहिली.

मामा बारा मिनिटे बोलले. सगळे सांगितले. तार कुठून आणली, तिच्यावर लाल वेष्टण होते, तिला तीन पीळ दिले होते, आणि पीळ देताना सुपरवायझर काय म्हणाला होता: "माल आज निघाला पाहिजे, बाकीचं नंतर बघू." ते सात ठिकाणी अडले. सातही वेळा त्यांनी डोळे मिटले नाहीत, थांबले, आणि शब्द आला.

"वहिनी, हे चौकशीच्या स... साहेबांना पाठवा."

"पाठवते," ती रडत म्हणाली. "आजच पाठवते."

संध्याकाळी तिने सरांना सांगितले. सर येरझारा घालू लागले. "प्रकरण मिटलंय गं. आता हे पाठवलं, तर विचारतील की ती पहिली क्लिप कुठून आली. माझे वर्ग बंद पडतील. चालेल तुला?"

तिने माझे झाकण लावले. नंतर मामांचा दोनदा फोन आला. "अजून उत्तर आलं नाही," असे तिने दोन्ही वेळा सांगितले. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

पुढे माझी एक बिजागरी तुटली, बॅटरी फुगली, पंखा घरघरू लागला. सरांनी माझ्या निम्म्या जाडीचा नवा लॅपटॉप आणला. ते मला भंगारात देणार होते, पण बायको म्हणाली, "राहू दे." हा तिचा चिकटपणा म्हणून सर हसले. आता मी कपाटावर, जुन्या चादरीत आहे. महिन्यातून एकदा ती मला खाली काढते, धूळ पुसते आणि न उघडता परत ठेवते.

मित्रांनो, यंत्रांवर पाणी सांडू नका, त्यांना उन्हात ठेवू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझे मागणे वेगळे आहे. माझी बॅटरी मेली, पण डिस्क शाबूत आहे. मामा आहेत. मावशी आहेत. तो सुपरवायझर आता मॅनेजर झाला आहे. तुमच्यापैकी कुणाला कधी त्या घरात जाणे झाले, तर मला खाली काढा, वायर लावा आणि ती फाईल सुरू करा. बारा मिनिटांची आहे. सात ठिकाणी मामा अडतील. तिथे हसू नका, पुढे पळवू नका, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. नुसते थांबा. शब्द येतो.