मधल्या खड्ड्यातले भाऊजी

शेवटी वहिनीने भाऊजींना गुडघ्यापर्यंत जमिनीत लावलं. पुरलं नाही, लावलं. माती दाबली, भोवती आळं केलं, झारीने पाणी घातलं आणि वर पालापाचोळ्याचं पांघरूणही दिलं.

असं काहीएक झालेलं नाही. वनखात्याच्या दप्तरी त्याची नोंद नाही, घरात तो विषय निघत नाही, आणि भाऊजींच्या बुटांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, एवढंच सांगायचं आहे.

वहिनी खात्याची रोपवाटिका सांभाळायची. तिचा धाकटा दीर त्याच जंगलात मोजणी अधिकारी होता. आणि दोघांच्या मधे, घरातही आणि नोकरीतही, तिचा नवरा होता. तो खात्याची जीप चालवायचा. जीप सोडली तर त्याचं कुणी ऐकत नसे, आणि चढावर जीपही ऐकत नसे.

वहिनी आणि भाऊजी एकमेकांशी बोलत नव्हते. एकदा जेवताना भाऊजी ताटावरून मान वर न करता म्हणाले होते, "वहिनींची रोपं अगदी दादासारखी आहेत. वर्षानुवर्षं तेवढीच." आणि दादा हसला होता. भाऊजींना तिने एक वेळ सोडलं असतं, पण ते हसणं तिच्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं. त्या दिवसापासून घरातलं सगळं बोलणं नवऱ्याच्या तोंडून.

"अहो, यांना सांगा, मीठ इकडे द्या."

"दादा, सांग, मीठ त्यांच्याच कोपराशी आहे."

दादा दोन्ही निरोप इमानाने पोचवायचा. मीठ कुणीच उचलायचं नाही. घरात सगळ्यांचं ब्लडप्रेशर उत्तम होतं.

मग वादळ झालं. जंगलातलं सगळ्यात जुनं रानजायफळ आडवं झालं आणि जाताना शेजारच्या झाडांनाही सोबत घेऊन गेलं. वर पानांचं छत फाटलं, खाली उजेडाचा तुकडा पडला. खात्यात अशा भोकाला खिडकी म्हणतात. खिडकी मोठी असेल तर उजेडाला हपापलेलं, भराभर वाढणारं झाड लावायचं. भाऊजींच्या मनात शिवणीचं झाड होतं. खिडकी लहान असेल तर सावलीत निमूट वाढणारं लावायचं. वहिनीच्या मनात रानजायफळ होतं.

नुसतं मनात नाही, पिशव्यांतही होतं. त्या पडलेल्या झाडाची शेवटची फळं तिने चिखलातून वेचली होती. ते बी साठवून टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं. तिने पेरलं, ते रुजलं, आणि आता रोपांची मुळं पिशवीत गोल गोल फिरायला लागली होती. या पावसाळ्यात ती जमिनीत गेली नाहीत तर स्वतःच्याच मुळांचा फास लागून मरणार होती. आणि फळ धरणारं दुसरं रानजायफळ त्या जंगलात उरलेलं नव्हतं.

खिडकी मोजायची तर टेपची दोन टोकं दोघांनी धरायची आणि कुठून कुठवर ते ओरडून ठरवायचं. त्या दिवशी दादा पंक्चर काढायला गेला होता, म्हणजे बोलायला माणूसच नव्हतं. दोघांनी मुकाट टेप ताणला. मान हलवायचीही पंचाईत, कारण मान हलवणं म्हणजे बोलण्याचाच प्रकार. जो आकडा आला तो नेमका मोठ्या आणि लहान खिडकीच्या सीमेवर. भाऊजींनी तो मोठ्यात ओढला, वहिनीने लहानात.

अशा वेळी खात्याची एक जुनी रीत होती. मधल्या खड्ड्यात पहिलं जे लागेल, ती त्या खिडकीची जात. बाकीच्या खड्ड्यांत तेच.

लावणीच्या सकाळी वहिनी हातगाडीवर रोपं घेऊन पोचली, तेव्हा भाऊजी मधल्या खड्ड्यात उभे होते. त्यांची शिवण वहिनीच्याच रोपवाटिकेत कुलपात होती आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. म्हणून त्यांनी दादाला जीप घेऊन दुसऱ्या रोपवाटिकेत पिटाळलं होतं आणि तोवर जागा धरून ठेवली होती, बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. फक्त रुमालाच्या जागी स्वतःला टाकलं होतं.

वहिनीने खड्डा पाहिला. मग भाऊजींना नीट ऐकू जाईल अशा बेताने ती हातगाडीला म्हणाली, "काही लोकांना सांगावं लागतं, खड्डा रोपासाठी असतो."

भाऊजी समोरच्या बुंध्याला म्हणाले, "काही लोकांना रीत माहीत नसते. मधल्या खड्ड्यात जे लागेल ते."

"मग लावून टाकते," असं हातगाडीला कळवण्यात आलं.

तिने फावडं उचललं. भाऊजी थांबा म्हणाले नाहीत. थांबा म्हणायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं, आणि एवढ्यासाठी कोण हार मानतो. माती घोट्यापर्यंत आली, पोटरीपर्यंत आली. तेव्हा तिने एक पिशवी फाडली, फिरलेली मुळं बोटांनी हळूहळू सोडवली आणि रोप त्यांच्या दोन पायांच्या मधे उभं केलं. उरलेली माती लोटली. आत हवा राहू नये म्हणून टाचेने दाबली, रोपाच्या बाजूने हलक्या पायाने आणि भाऊजींच्या बाजूने अंगातलं सगळं वजन टाकून. मग झारी घेतली.

पाणी बुटात उतरलं आणि भाऊजी हरले.

"वहिनी, पाणी जास्त होतंय."

"त्याला लागतं. तुम्हाला कोण घालतंय?"

"इथे ऊन आहे. करपेल तुमचं ते."

"टेप कुठे धरला होतात त्या दिवशी?"

"बुंध्याला. मग कुठे धरतात?"

"पानं संपतात तिथे. मी फांदीच्या टोकाखाली उभी होते."

दोघांनी वर पाहिलं. एका बाजूला बुंधा, दुसऱ्या बाजूला पानं. ज्या खिडकीवरून एवढी हमरीतुमरी चालली होती, तिला एकीकडे भिंत होती आणि दुसरीकडे पडदा. भाऊजींच्या बुंध्याची फांदी चांगली अर्ध्यापर्यंत पुढे आलेली होती. खिडकी लहान होती. आंधळ्यालाही दिसली असती.

"म्हणजे आकडा चुकला," वहिनी म्हणाली. "तुमच्याकडचा अर्धा."

"मोजणी एकदाच होते. सही माझी असते," भाऊजी म्हणाले. "आता काढा मला बाहेर."

"यांना येऊ द्या. तुम्ही यांना सांगा, हे मला सांगतील, मग बघू."

आणि ती बाकीच्या खड्ड्यांकडे वळली. एकेक पिशवी फाडत, एकेक मूळ सोडवत तिने हातगाडी रिकामी केली. भाऊजी मधोमध उभ्या उभ्या नियम म्हणत राहिले.

दादा शिवण घेऊन आला तेव्हा लावायला खड्डाच उरला नव्हता. त्याने जीप बंद केली, भावाला वरपासून, म्हणजे जेवढा वर होता तेवढा, नीट पाहिलं.

"दादा, काढ मला."

दादा हसायला लागला. जीपला टेकून, पोट धरून हसला. "काय रे," तो म्हणाला, "वर्षानुवर्षं तेवढाच म्हणाला होतास मला. तू तर आणखी कमी झालास."

वहिनीने हे हसणं जमेला धरलं. मागचं मात्र वजा केलं नाही.

भाऊजींना बाहेर ओढलं तेव्हा बूट आतच राहिले. अनवाणीच त्यांनी रोपं उपटायचा हुकूम सोडला. मग त्यांच्या ध्यानात आलं की उपटायचं तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहायचं तर मधल्या खड्ड्यात पहिलं काय लागलं होतं तेही लिहावं लागणार. तेव्हापासून काहीही झालेलं नाही. रोपं उभी आहेत. घरात मीठ अजून कोपराशीच आहे. आणि मोजणी अधिकाऱ्याच्या टेबलावर, मोजणी अधिकाऱ्याच्याच सहीची वाट बघत, वहिनीचा एक अर्ज पडून आहे:

"महोदय, सदर खिडकीत रीतीप्रमाणे प्रथम लागलेली जात म्हणजे माझे दीर होत. उर्वरित खड्ड्यांसाठी त्या जातीची रोपे रोपवाटिकेत उपलब्ध नाहीत व पुढेही होऊ नयेत. सबब रानजायफळास मंजुरी मिळावी. तसेच कोवळ्या रोपास सावलीची निकड असल्याने सदर दीर मूळ जागी पुन्हा लावण्यात येऊन, झाड फळावर येईपर्यंत तेथून हलवण्यात येऊ नयेत, ही नम्र विनंती."