चार दिवसांच्या कुंड्या

बागप्रेमी मंडळातलं कुणी गावाला निघालं की "चार दिवस सांभाळा हो, मावशी," म्हणत आपली कुंडी निवृत्त नर्सबाईंच्या गॅलरीत आणून ठेवायचं. परत न्यायला मात्र कुणालाच सवड नसायची. वर्षभरात एकसष्ट कुंड्या झाल्या. कपडे वाळत घालायलाही मावशींना अंग चोरून शिरावं लागे. वार्षिक सभेत त्या तडकल्याच, "उद्या मी महिनाभर बहिणीकडे चालले. आपापली बाळं उचला!"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मावशी, तुमच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नाही. तुम्ही गेलात तर बिचारी दोन दिवसांत माना टाकतील." टाळ्यांच्या कडकडाटात मावशींना पितळी झारी भेट मिळाली.

घरी येऊन त्यांनी मंडळाला लाखोली वाहिली, भरलेली बॅग रिकामी केली आणि झारी भरली.