मोराखालचे चारशे बारा

मी एक जुना आलेख आहे. हसू नका, मित्रांनो. फाटकी छत्री, मोडकी सायकल, फुटका फळा या साऱ्यांनी आपापली गाऱ्हाणी तुम्हाला ऐकवून झाली आहेत. ती मंडळी रडतात. मी रडत नाही. मी चिडलेलो आहे.

माझा जन्म १९७४ साली सोलापुरात, भवानी पेठेतल्या दवाखान्याच्या ओट्यावर झाला. कंपाउंडर महादेवप्पाने पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन खांब रंगवले. एक भवानी पेठेतल्या दवाखान्याचा : खोकल्याच्या शंभर रोग्यांतले एकसष्ट बरे. दुसरा गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतल्या दवाखान्याचा : शंभरातले शंभर बरे! हा खांब थेट माझ्या डोक्याला टेकला. मग पेठेतल्या दवाखान्याच्या डॉक्टर मल्लप्पांनी आडव्या अक्षाखाली, प्रत्येक खांबाच्या पायाशी, रोगी एकूण किती ते लिहायला लावले. भवानी पेठ : ४११. नवी वसाहत : ३.

शाई वाळते न वाळते तोच मागाच्या कांड्या भरणारी सिद्धम्मा खोकत आली. सुताची धूळ तिच्या छातीत घर करून बसली होती.

"मला सोडून कसं मोजता की, महादेवप्पा? मी काय देवदर्शनाला येते व्हय हितं?"

"अजून बरी कुटं झालीस तू, अक्का?"

"बरी न झालेलीपण मोजायची," डॉक्टर आतून म्हणाले. "बारा कर."

महादेवप्पाने एकावर दोन गिरवला. तो जरा जाड झाला.

पुढे नव्या वसाहतीतल्या डॉक्टरांची बदली झाली. डॉक्टर एक, दवाखाने दोन. कोणता चालू ठेवायचा, ते आरोग्य खात्याचे मोठे साहेब समारंभात मला पाहून ठरवणार होते. माझी छाती फुगली.

आता सोलापुरात समारंभ म्हटला की चादर आलीच. पाहुण्याच्या खांद्यावर चादर, खुर्चीवर चादर, टेबलावर चादर. मला टेबलावर उभे केले आणि मोराची कोरी चादर माझ्या गुडघ्यांपर्यंत ओढून टाचण्या मारल्या. माझे दोन्ही आकडे पिसाऱ्याखाली गेले.

साहेबांनी मला पाहिले. "वा! एकीकडे शंभर, एकीकडे एकसष्ट. यात विचार कसला करायचा?"

"साहेब, खाली आकडे हायत की," महादेवप्पा पुटपुटला.

"खाली मोर आहे," साहेब म्हणाले. आणि मोर होताच.

डॉक्टर चादर उचलायला पुढे झाले. तोच फोटोग्राफर ओरडला, "डॉक्टरसाहेब, बाजूला व्हा! मोर झाकतोय!"

टाळ्या झाल्या. तीन माणसांचा खांब जिंकला, चारशे बारांचा दवाखाना बंद झाला. मित्रांनो, मला हात असते तर पहिल्यांदा मी त्या मोराची पिसे उपटली असती.

मला बंद दवाखान्याच्या फुटक्या खिडकीला काचेऐवजी ठोकले. दुसऱ्या दिवशी सिद्धम्मा आली. कुलूप हलवून म्हणाली, "आता एवढ्या लांब कोण जातंय, बाई?" तरी ती दोनदा नव्या वसाहतीपर्यंत चालत गेली. तिसऱ्यांदा वाटेतच बसली आणि तिथूनच परतली.

पुढच्या वर्षी नव्या वसाहतीचा खांब कोसळला, कारण पेठेतले ज्यांना चालवत होते ते तिकडे जाऊ लागले. साहेबांनी डॉक्टर मल्लप्पांनाच जाब विचारला : शंभराचे साठ कसे केलेत? आणि पेठेतल्या बंद दवाखान्यात एकही रोगी नोंदला गेला नाही, म्हणून भाषणात सांगितले, "भवानी पेठेतला खोकला संपला."

तो संपलेला खोकला शेजारच्या बोळातून, सिद्धम्माच्या घरातून, मला रोज ऐकू येई. मग एका पावसाळ्यात तो थांबला. औषधाने नव्हे.

मित्रांनो, उंच खांब दिसला की टाळ्या पिटू नका. आधी वाका आणि त्याच्या पायाशी किती माणसे उभी आहेत ते पाहा. आणि कधी या खिडकीपाशी आलात, तर माझ्या तळाशी नीट बघा. चारशे बारामधला दोन जरा जाड आहे. त्याच्यावर पुन्हा चादर घालू नका.