‘कुठून आणला’चा रकाना

अनुयाने घरातल्या तिघांच्या मानेवरचे केस कापून नेले, तेव्हा सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. दिनानाथरावांच्या डोक्यावर मागची झालर तेवढी उरली होती. ते म्हणाले होते, जपून गं, शिल्लक मोजकी आहे.

अनुया ही त्यांच्या बायकोच्या, नीलिमाच्या, धाकट्या बहिणीची मुलगी. खाडीच्या गाळात पारा किती, तिथून तो माशांत किती आणि मासे खाणाऱ्यांत किती, याचा माग ती तीन वर्षं काढत होती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या केसात दोन-तीन महिन्यांचं खाणं सापडतं. खाडीकाठच्या तीस घरांतून तिने केस घेतले होते. तुलनेसाठी खाडीशी काही देणंघेणं नसलेली पाच घरं हवी होती, त्यात बदलापूरचा मावशीचा फ्लॅट. मावशीला तिने एक वहीही दिली होती, चार रकान्यांची: तारीख, मासा, कुठून आणला, कोणी किती तुकडे खाल्ले.

वही भरण्यात नीलिमा वाकबगार निघाली. घरात कोणाला कुठला तुकडा मिळतो यावरून त्या घरातला मान कळतो, आणि तिने तो इमानेइतबारे टिपला होता. डोकं यांना. पोटाकडचे तीन तुकडे इराला, कारण लेक पहिल्या बाळंतपणाला चौथ्या महिन्यातच माहेरी आलेली, आता सातवा चालू. शेपटीकडचा एक, काट्यांचा, स्वतःला. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच नाव असे: गुरुदत्त.

गुरुदत्तचे डंपर. दिनानाथराव अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात पर्यावरणाचं खातं सांभाळून निवृत्त झालेले, पण सल्लागार म्हणून सहीपुरते अजून कामावर. कारखान्याचा एक जुना विभाग बंद पडला होता आणि त्यातला पाऱ्याचा गाळ चार वर्षं निघतच होता. गुरुदत्तने तो विषारी कचऱ्याच्या ठरलेल्या जागी पोचवायचा आणि पोचल्याच्या पावत्यांवर दिनानाथरावांनी ‘तपासलं’ म्हणून सही करायची. साहेबांचे गुडघे दुखतात म्हणून पावत्या घरी येत. बरोबर जिताडा येई, खाडीतला महागडा मासा, चांगला हातभर. साहेबाला जिताडा नेऊन देण्याची रीत या भागात जुनी आहे. पाकिटाला लाच म्हणतात, जिताड्याला प्रेम म्हणतात, आणि वास दोन उदबत्त्यांत जातो.

निकाल घेऊन अनुया आली ती शनिवारी दुपारी. चहाला नको म्हणाली, तेव्हाच नीलिमाला कळलं की काहीतरी बिनसलंय.

केसातल्या पाऱ्याचा आकडा एकपर्यंत असला तर काळजी नसते, असं तिने आधी समजावलं. खाडीवर जाळं टाकणाऱ्या रंजनाच्या घरात तो दोन-अडीचवर होता. मावशीचा तीन. काकांचा सहा. इराचा पाच.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं दिनानाथरावांनी म्हटलं, मग यंत्र बिघडलं असेल म्हटलं, मग राहिलेल्या केसांना लावतात त्या कलपावर संशय घेतला. इराने कलप कधी लावला, असं अनुयाने विचारल्यावर ते पाणी प्यायला उठले.

अनुयाने वहीतला माशांचा रकाना तेवढा पाहिला. रंजनाच्या घरी निवट्या खातात, बोयटं खातात, छोटंछोटं, असं ती सांगू लागली. गाळातला पारा किड्यांत, किडे निवटीत, आणि निवट्या-बोयटं वर्षानुवर्षं गिळत बसतो तो जिताडा. प्रत्येक पायरीला पारा साठतो, उतरत नाही. रंजना जिताडा स्वतः खात नाही, विकते. परवडत नाही म्हणून ती त्यातल्या त्यात वाचली.

“आणि पोटात आहे त्याचं?” इराने विचारलं.

अनुयाने निकालाचा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, हा मासा आजपासून बंद, डॉक्टरांना हा कागद दाखव, पुढे वाढणारा केस हळूहळू स्वच्छ होईल. पण बाळाकडे गेलंय ते किती आणि त्याने काय होईल, हे तिला सांगता येणार नव्हतं. इरा उठून आतल्या खोलीत गेली. दार तिने अगदी हळू लावलं, आणि ते आपटण्याहून वाईट होतं.

निघताना अनुया म्हणाली, गाळात एक जागा सापडत नाही. उल्हासनगरच्या खाली वालधुनी नदीत पारा एकदम वाढतो, पण तो वर नेमका कुठून पडतो हे कोणी सांगत नाही. वही सोमवारी न्यायला येते, म्हणून ती गेली.

ती लिफ्टमध्ये शिरते न शिरते तोच दिनानाथराव म्हणाले, तिसऱ्या रकान्यात गुरुदत्तच्या जागी ‘बाजार’ लिही. त्याचं नाव कशाला उगाच. पोरीचा प्रबंध आहे, छापून येईल, चारजण वाचतील.

नीलिमाने मान हलवली आणि वही पुढ्यात घेतली. जिताडा आल्याच्या तारखा चौदा. प्रत्येक तारखेला याच टेबलावर, मसाल्याचा डबा सरकवून, यांनी सह्या केल्या होत्या. चार वर्षं ती आलं-लसूण वाटत होती आणि नवरा पलीकडे पेनाचं टोपण काढत होता. ही दोन कामं एकाच कामाचे भाग आहेत हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही, याचा तिला नवऱ्याइतकाच स्वतःचा राग आला. पण स्वतःवर रागवायला आयुष्य पडलं होतं. आधी नवऱ्यावरचा.

“गाळ पोचतो का हो तिथे?” तिने विचारलं.

कागदोपत्री पोचतो, असं ते म्हणाले.

रविवारी सकाळी गुरुदत्त आला. नऊ पावत्या आणि साडेचार किलोचा जिताडा. इराताईंसाठी मुद्दाम मोठा शोधला, म्हणाला. दिनानाथरावांनी नीलिमाकडे न बघता पेन घेतलं. नीलिमा हसून म्हणाली, भावोजी, दरवेळी देऊन पळता, आज जेवूनच जा, तासाभरात कालवण होतं.

गुरुदत्त अवघडला. आज जमणार नाही, म्हणाला. मग बायकोसाठी डबा देते, ती म्हणाली. मुलांना आवडत असेल ना?

“नाही वहिनी, आमच्याकडे खाडीचं खात नाहीत,” तो बोलून गेला. “आम्ही सुरमई आणतो, बाहेरची.”

“कधीपासून?”

“झाली चारेक वर्षं.”

दिनानाथरावांचं पेन पहिल्या पावतीवर टेकलं होतं. तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. त्यांनी वर पाहिलं तर आतल्या दारात इरा उभी, दोन्ही हात पोटावर.

“तुला माहीत होतं,” ते गुरुदत्तला म्हणाले.

गुरुदत्त काही कच्चा नव्हता. “साहेब, ओततो मी, सही तुमची. तुम्हाला माहीत नव्हतं?”

नीलिमाने मासा पिशवीत घातला, बर्फाच्या कप्प्यात ठेवला, हात धुतले. मग नवऱ्याच्या पेनाखालच्या नऊच्या नऊ पावत्या ओढून वहीत घातल्या. ओरिजिनल आहेत त्या, असं गुरुदत्त म्हणाला. मग तर बरंच झालं, ती म्हणाली, आणि दार उघडून उभी राहिली. तो चपला पायात न घालताच, हातात घेऊन जिना उतरला.

दिनानाथराव म्हणाले, नाही केली ना मी सही. आता कधीच करणार नाही, मग झालं?

“नाही झालं,” नीलिमा म्हणाली. “सही केली नाहीत म्हणून आरती ओवाळू? तीन वर्षं ती पोर गुडघाभर गाळात जागा शोधतेय आणि जागा या टेबलावर बसून पेपर वाचतेय. माझ्या लेकीला मी माझ्या हाताने वाढलंय ते. अजून घ्या, अजून घ्या म्हणून वाढलंय. डंपर कुठे रिकामा होतो?”

ते म्हणाले, कारखाना मला बुडवेल.

“बुडवू दे. कुठे?”

त्यांनी इराकडे पाहिलं. ती नजर काढत नव्हती आणि बसतही नव्हती. ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग नाल्याचं वळण सांगितलं, पडक्या भिंतीची खूण सांगितली, गाडी उलटी लावायला जागा कुठे आहे तेही सांगितलं. म्हणजे जाऊन पाहिलेलं होतं.

नीलिमाने सगळं लिहून घेतलं. अक्षर वाचता येईल असं ठेवलं.

“पहिली खेप कोणत्या तारखेला?” तिने विचारलं. “आठवा. मला घाई नाही.”