डेल्फीनच्या खांद्याला बसणारी बंदूक

रेइनो मत्तिलाची नजर दोन वर्षांत गेली. अगदी अंधार नव्हता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नेमकं पुसून गेलेलं असायचं. बायकोकडे बघितलं तर तिचे केस दिसत, चेहरा नाही. शेवटी हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला तेव्हा त्यानेच विषय काढला.

"या वर्षी परवाना तू काढ. मी नुसता बरोबर येतो."

डेल्फीन पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजायच्या मोठ्या करंजीची, पारी लाटत होती. तिने मान वर केली नाही. "मी कागदी निशाणावर मारते, रेइनो. कागद पळत नाही. त्याला रक्तही येत नाही."

"मग हिवाळाभर काय कागद शिजवणार आहेस?"

ती हसली, पण दोघांनाही माहीत होतं की तो थट्टा करत नव्हता. आमच्या भागात घरच्या हरणाचं मांस फ्रीजरमध्ये नसलं, तर हिवाळा परक्याच्या घरात काढल्यासारखा वाटतो. डेल्फीनचा नेम चांगला होता. नेमबाजीच्या क्लबात शनिवारी छोट्या काडतुसाच्या रायफलीने ती भल्याभल्यांना गप्प करायची. पण जिवंत जनावरावर तिने कधी चाप ओढला नव्हता.

रेइनोची बंदूक त्याच्या बापाची. लांब नळीची, जड. डेल्फीन जेमतेम त्याच्या छातीला लागणारी. तिने ती उचलली की दस्ता काखेत रुतायचा आणि नळीवरच्या दुर्बिणीत दिसण्यासाठी मान कोंबडीसारखी पुढे काढावी लागायची. म्हणून एका सकाळी दोघं ऑर्विलच्या बंदुकांच्या दुकानात गेली. जुनी बंदूक रेइनोने बरोबर घेतली होती. ती त्याने काउंटरवर आडवी ठेवली.

"हिचा दस्ता काप. डेल्फीनच्या मापाचा कर."

ऑर्विलचा हात चहाच्या कपावरच थांबला. या बंदुकीला कुणी नुसतं तेल जास्त घातलं तरी रेइनो आठवडाभर बोलायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"नाही कापायची," डेल्फीन म्हणाली.

"अगं, मला आता काय करायचीय ती?"

"ते तू ठरव. पण तुझ्या बापाच्या वस्तूला माझ्यासाठी करवत लागलेली मला चालणार नाही. ऑर्विल, आखूड काय आहे ते काढ."

ऑर्विलने तीन रायफली काढल्या. तिन्ही बोल्टच्या, म्हणजे मागची दांडी ओढून एकेक गोळी हाताने चढवायच्या. प्रत्येकीचा बोल्ट उघडून ती रिकामी असल्याचं दाखवल्याशिवाय त्याने कुणाच्या हातात दिली नाही. "जंगलात हिंडायचं तर हलकी हवी," तो म्हणाला, "आणि क्लबात बसून निशाणा साधायचा तर जड. हलकी जास्त लाथ मारते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, डेल्फीन."

"मग दोन्हीला चालेल असं म्यान काढ."

पहिली फार हलकी होती. "ही पोरांसाठीच बनवतात," ऑर्विल जरा संकोचून म्हणाला.

"उंचीने मी पोरच आहे. लाज तुला कशाला वाटतेय?" पण तिने ती खांद्याला लावून बघितली आणि परत दिली. नळी वाऱ्यावरच्या काडीसारखी हलत होती.

दुसरीचा बोल्ट रेइनोने डोळे मिटून ओढला. "वाळू भरलीय यात," म्हणाला. तिसरीवर त्याची बोटं रेंगाळली. नळी आखूड, पण बारीक नव्हे. दस्ता छोटा, आणि मागे चकत्या घालून वाढवता येण्यासारखा. बोल्ट पुढे गेला तो लोण्यातून गेल्यासारखा. त्याने ती डेल्फीनच्या हातात दिली. तिने गाल टेकवला आणि डोळा आपोआप दुर्बिणीच्या मागे आला. मान ताणावी लागली नाही.

"बसली?" त्याने विचारलं.

"बसली."

"मोठ्या काडतुसाची घे, म्हणजे..."

"सात एमएमची पुरे. खांदा माझा आहे."

रेइनोने ऑर्विलकडे सात एमएमची काडतुसं मागितली. त्याला ते सोपं गेलं नसावं.

क्लबात पहिल्या दिवशी तिच्या गोळ्या कागदभर विखुरल्या. छोट्या काडतुसाच्या सवयीला हा धक्का नवा होता. रेइनो म्हणाला, "मी भरून देतो. तू फक्त मार." तिला न सांगता तो कधी गोळी चढवायचा, कधी रिकामाच बोल्ट लावायचा, आणि तिच्या खांद्यावर तळहात ठेवून बसायचा. रिकाम्या चापालाही खांदा आधीच दचकला की त्याच्या हाताला कळायचं.

"घाबरलीस."

"नाही."

"अगं, माझ्या हाताला खोटं सांगतेस?"

मोसमाआधीचे सगळे शनिवार त्यांनी असेच घालवले. शेवटी तळहाताखालचा खांदा शांत झाला आणि कागदावरची भोकं एकमेकांना चिकटू लागली.

मोसम उघडला त्या दिवशी बर्फ पातळ होतं. दोघं जंगलातल्या फळ्यांच्या खोपटात दबा धरून बसली. उजाडल्यावर रेइनोने तिच्या गुडघ्याला बोट लावलं. त्याला पावलं ऐकू आली होती. थोड्या वेळाने देवदारांतून नर बाहेर आला.

"मार," तो कुजबुजला.

"मागे मादी उभी आहे. गोळी आरपार गेली तर?"

"मला दिसत नाही. तू सांग."

मग ती सांगत गेली. शिंगं कशी आहेत, कान कुठे वळले, मादीने पाय कसा आपटला. नर निघून गेला. रेइनो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "माझ्या वेळी मी एवढं कधी बघितलं नव्हतं."

दुपारनंतर दुसरा नर आला, एकटा, आडवा. तिने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. हरीण थोडं धावलं आणि बर्फात बसल्यासारखं खाली गेलं.

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण तिला हात लावता येईना. रेइनो तिच्या बाहीला धरून तिथवर आला आणि गुडघ्यांवर बसला. मांस खराब होऊ नये म्हणून आतडी तिथेच काढायची होती, आणि सुरी त्याच्याच हातात होती. पोटाची मधली रेघ, बरगडीची कड, सगळं त्याला बोटांनी पाठ होतं. डेल्फीनने मागचे पाय धरले. तिचे गाल ओले होते आणि ते त्याला दिसणं शक्य नव्हतं.

"पहिल्या वेळी मीही रडलो होतो," तो म्हणाला. "पाय घट्ट धर. अजून गरम आहे ते."